रँकिंग खरंच घसरलं की ट्रॅकरला दिसलंच नाही?

सोमवारी सकाळी रँक ट्रॅकरचा, म्हणजे गुगल सर्चमध्ये आपली पानं कितव्या क्रमांकावर येतात ते मोजणाऱ्या टूलचा, डॅशबोर्ड उघडावा तर निम्मे कीवर्ड (ज्या शब्दांसाठी आपला क्रमांक मोजतो ते) लाल, म्हणजे घसरलेले. परवापर्यंत तिसऱ्या क्रमांकावर असलेलं पान आज ‘शंभराबाहेर’. क्लायंटचा मेसेज आधीच येऊन पडलेला. टीममधलं कुणीतरी गेल्या आठवड्यात बदललेल्या शीर्षकांवर खापर फोडतं, कुणी नव्या थीमवर. बुधवारपर्यंत सगळे आकडे गुपचूप आपापल्या जागी परत. महिन्याभराने पुन्हा तोच खेळ.

अशाच एका सोमवारी आम्ही घाबरून सगळी शीर्षकं जुनी करून टाकली. दोन दिवसांत आकडे परतले आणि ‘बघा, शीर्षकंच नडत होती’ असं सगळ्यांचं एकमत झालं. कावळा बसायला आणि फांदी मोडायला गाठ पडली होती, इतकंच. पण त्या गैरसमजापायी पुढे बरेच महिने आम्ही चांगल्या शीर्षकांना हात लावायला घाबरत होतो. चुकीचा आकडा एका दिवसात दुरुस्त होतो, त्यावरून बसलेली समजूत मात्र लवकर निघत नाही. तेव्हापासून लाल रंग दिसला की मी वेबसाइट उघडत नाही. आधी ट्रॅकरने त्या दिवशी नेमकं काय पाहिलं ते शोधते.

ट्रॅकर काय करतो? तुमच्या वतीने एक यंत्र सर्चचं पान मागवतं, त्यातले निकाल वेचतं, त्यांत तुमचा पत्ता शोधतं आणि तो कितवा आला ते लिहून ठेवतं. पान मिळालं नाही, मिळालं पण वाचता आलं नाही, वाचलं पण आपला पत्ता ओळखता आला नाही, किंवा आपण खरोखरच त्या पानावर नव्हतो, अशा चार वेगवेगळ्या गोष्टी होऊ शकतात. चारही वेळा बहुतेक ट्रॅकर एकच गोष्ट लिहितात: ‘सापडलं नाही’. सगळा घोळ इथे सुरू होतो. ‘नव्हतं’ आणि ‘पाहताच आलं नाही’ ही दोन उत्तरं एकाच खान्यात गेली की पुढचा कुठलाही आलेख विश्वासाचा राहत नाही.

सरासरीचं काय होतं बघा. दहा कीवर्ड आहेत, सगळे चौथ्या क्रमांकावर. सरासरी ४. एका कीवर्डचं पान अडलं आणि ट्रॅकरने तिथे ‘शंभराबाहेर’ या अर्थाने १०१ भरला, तर सरासरी थेट १३.७. वेबसाइटवर काहीही घडलेलं नाही, तरी अहवालात ‘दहा क्रमांकांची घसरण’.

आधी कच्चं पान हातात घ्या

स्वतःची स्क्रिप्ट असेल तर प्रत्येक फेरीला मिळालेलं एचटीएमएल (पानाचा मूळ कोड) जसंच्या तसं साठवा. सोबत स्टेटस कोड (सर्व्हरचं आकड्यातलं उत्तर: २०० म्हणजे पान मिळालं, ४२९ म्हणजे फार मागण्या झाल्या), पानाचा आकार, शेवटी कोणत्या पत्त्यावर पोचलो, किती निकाल वेचले आणि वेळ. झिप करून ठेवलं तर जागा फारशी लागत नाही. विकतचं टूल असेल तर त्यात बऱ्याचदा त्या दिवसाच्या पानाची साठवलेली प्रत किंवा स्क्रीनशॉट असतो, फक्त तो कुठल्या तरी आतल्या मेनूत दडलेला असतो. नसेल तर सपोर्टकडे मागा. तीही सोय नसेल तर त्या टूलच्या एका दिवसाच्या आकड्यावरून कोणताही निर्णय घेऊ नका, असं मी स्पष्टच सांगेन.

साठवलेलं पान उघडलं की निम्म्या वेळा प्रश्न तिथेच सुटतो. सगळ्यांत जास्त दिसतं ते अडवणुकीचं पान: तुमच्या नेटवर्कवरून असामान्य ट्रॅफिक येतोय, कॅप्चा सोडवा. याच्याबरोबर बहुधा ४२९ हा कोड येतो, त्यामुळे तो पकडणं सोपं. खरा त्रास देतात ती २०० कोड घेऊन येणारी पानं. प्रॉक्सी (ज्याच्यामार्फत मागणी जाते तो मधला सर्व्हर) युरोपातली असेल तर कुकीजच्या संमतीचं पान समोर येतं. कोड २००, एचटीएमएल व्यवस्थित, निकाल शून्य. स्क्रिप्टला वाटतं सगळं सुरळीत आहे आणि ती इमानेइतबारे ‘सापडलं नाही’ लिहून मोकळी होते. तिसरा प्रकार जानेवारी २०२५ पासूनचा. तेव्हापासून गुगल सर्चला जावास्क्रिप्ट लागतं. साध्या एचटीटीपी मागणीवर चालणाऱ्या जुन्या स्क्रिप्टना आता निकालांऐवजी ‘जावास्क्रिप्ट चालू करा’ अशा अर्थाचं छोटंसं पान मिळतं. हा बदल झाला तेव्हा अनेक ट्रॅकर एकदम आंधळे झाले होते.

यावरचा उपाय अगदी साधा आहे, पण तो बसवायचं राहून जातं. पान वैध आहे की नाही हे निकाल शोधायच्या आधी ठरवा. वेचलेल्या निकालांची संख्या एका किमान आकड्याखाली असेल आणि ‘काहीही सापडलं नाही’ हा सर्चचा स्वतःचा संदेशही पानावर नसेल, तर ती फेरी ‘पाहता आलं नाही’ म्हणून नोंदवा आणि क्रमांकाचा खाना रिकामा सोडा. तिथे शून्य नको, १०१ नको आणि कालचा आकडाही नको. कालचा आकडा ओढून भरणारी टूलं मी पाहिली आहेत. ती दिसायला फार स्थिर वाटतात, त्यामुळे जास्त धोक्याची.

पुन्हा प्रयत्न करताना लगेच दहा वेळा दार ठोठावू नका, अडवणूक आणखी वाढते. अंतर वाढवत जा, फेऱ्या दिवसभरात पसरवा. आणि एक गोष्ट लक्षात असू द्या: स्वयंचलित मागण्या गुगलच्या धोरणात बसत नाहीत. त्यामुळे अडवणूक ही त्यांच्याकडची चूक नाही, त्यांची यंत्रणा ठरल्याप्रमाणे काम करते आहे. जे आकडे सर्च कन्सोलमधून (गुगल वेबसाइटच्या मालकाला तिचे सर्चमधले आकडे दाखवतं ते टूल) मिळू शकतात त्यांच्यासाठी ट्रॅकर पळवूच नये हे उत्तम.

पहारेकरी कीवर्ड

माझा सगळ्यांत आवडता उपाय हा. तुमच्या यादीत तुमच्याशी काहीही संबंध नसलेले चार-पाच कीवर्ड घाला, ज्यांचं उत्तर हलणार नाही याची खात्री आहे. ‘विकिपीडिया’ या शब्दाला विकिपीडिया किंवा ‘यूट्यूब’ला यूट्यूब. हे पहारेकरी रोज तपासा. विकिपीडिया स्वतःच्याच नावाला पहिल्या दहात दिसत नसेल, तर तुमच्या पानाची काळजी करण्याचं त्या दिवशी काही कारण नाही. त्या फेरीचे सगळेच आकडे बाजूला ठेवा. पहारेकरी ठीक आणि तुमचे कीवर्ड लाल, तरच पुढे जा.

पान मिळालं, पण कुणाचं?

समजा पान बरोबर मिळालं, निकालही भरपूर आहेत, तरी टूलमध्ये सातवा आणि तुमच्या मोबाइलवर दुसरा. इथे दोघंही खरं बोलत असण्याची शक्यता मोठी. तुम्ही लॉगिन केलेलं आहे, त्याच वेबसाइटवर दिवसातून वीस वेळा जाता, सर्चला तुमचं ठिकाण ठाऊक आहे. स्वतःच्या फोनवर शोधून ट्रॅकरची परीक्षा घेणं म्हणजे आपल्याच मुलाच्या पेपरला आपणच मार्क देणं. इन्कॉग्निटो विंडोने लॉगिन आणि जुना इतिहास बाजूला पडतो, ठिकाण मात्र तसंच राहतं. हे विसरून ‘मी इन्कॉग्निटोमध्ये पाहिलं’ असं छातीठोक सांगणारे रोज भेटतात.

ठिकाणाबद्दल एक जुना गैरसमज अजून टिकून आहे: हव्या त्या देशाचं गुगल डोमेन टाकलं की त्या देशाचे निकाल मिळतात. ऑक्टोबर २०१७ पासून तसं नाही. निकाल डोमेनवरून ठरत नाहीत, शोधणाऱ्याच्या ठिकाणावरून ठरतात. २०२५ मध्ये तर देशवार डोमेन मुख्य डोमेनकडे वळवायला सुरुवात झाली. म्हणून ट्रॅकरच्या सेटिंगमध्ये देशासाठी ‘जीएल’, भाषेसाठी ‘एचएल’ आणि शहरासाठी ‘यूयूएलई’ हे पॅरामीटर (मागणीच्या पत्त्याला जोडलेल्या सूचना) खरंच पाठवले जातात का ते तपासा. ‘एचएल’ ही दर्शनी भागाची भाषा आहे. निकाल त्याच भाषेत येतील अशी हमी ती देत नाही. प्रॉक्सी एका देशात आणि पॅरामीटर दुसऱ्या देशाचा, अशी खिचडी असेल तर आकडे कधी इकडचे, कधी तिकडचे येतात. दर काही दिवसांनी आकडे दोनच ठरावीक पातळ्यांमध्ये उड्या मारत असतील, म्हणजे ४ नाहीतर १७, मधलं काहीच नाही, तर मला पहिला संशय याचाच येतो. मोबाइल आणि डेस्कटॉपच्या फेऱ्या एका आलेखात मिसळल्या असल्या तरी असंच चित्र दिसतं.

मोजायचं कुठून?

दहा निळ्या लिंकांचं पान कधीच इतिहासजमा झालं. वर जाहिराती, मग कदाचित एआय ओव्हरव्ह्यू (एआयने लिहिलेला सारांश), मग ठळक उतारा (एखाद्या पानातून उचलून वर दाखवलेलं उत्तर), मध्ये नकाशाचा खोका, ‘लोक हेही विचारतात’, व्हिडिओंची पट्टी. यातलं काय मोजायचं आणि काय सोडायचं हे प्रत्येक टूल आपापलं ठरवतं. ठळक उताऱ्याला कुणी शून्य म्हणतं, कुणी एक. जानेवारी २०२० पासून ठळक उताऱ्यात आलेलं पान पहिल्या पानावरच्या साध्या निकालांत पुन्हा दाखवलं जात नाही. त्यामुळे फक्त साध्या लिंका वेचणाऱ्या पार्सरला (ट्रॅकरच्या पान वाचणाऱ्या भागाला) तुमचं यश दिसतं ते ‘गायब’ म्हणून! पान वरच्या खोक्यात झळकतंय आणि अहवालात लाल. हे मी स्क्रीनशॉट लावून क्लायंटला समजावलंय.

पानाची रचना बदलली की पार्सर गडबडतात, हे ओघानेच आलं. ओळखायची खूण अशी: बिघाड सगळ्या वेबसाइटच्या सगळ्या कीवर्डवर एकाच दिवशी दिसतो आणि प्रतिस्पर्धीसुद्धा एकदम ‘घसरलेले’ असतात. तुम्ही खाली गेलात तर कुणीतरी वर यायला हवं ना? कुणीच वर आलं नसेल, तर मोजणाऱ्याची पट्टी बदलली आहे.

आता सप्टेंबर २०२५ ची गोष्ट. त्याआधी ‘नम’ (num) हा पॅरामीटर लावून एका मागणीत शंभर निकाल घेता येत. तो बंद पडला. आपण तो औपचारिकरीत्या देतच नव्हतो, असं गुगलचं म्हणणं. परिणाम असा की शंभर निकालांसाठी एकाऐवजी दहा मागण्या कराव्या लागतात. काही टूलांनी खोली कमी केली आणि विसाच्या किंवा तिसाच्या पुढे पाहणंच सोडलं. तुमचे साठाव्या-सत्तराव्या क्रमांकावरचे कीवर्ड तेव्हापासून ‘सापडत नाहीत’ असं दिसत असेल तर टूलची खोली आधी विचारा.

दहा पानं तुकड्यातुकड्याने घेण्याचे स्वतःचे घोळ आहेत. पहिलं पान आणि चौथं पान यांच्यात मिनिटाचं अंतर पडलं आणि मधल्या वेळात क्रम जरासा हलला, तर एखादा पत्ता दोन पानांवर दिसतो, तर एखादा दोन्हींच्या फटीतून निसटतो. ‘पान गुणिले दहा अधिक जागा’ हे सूत्रही फसवं आहे, कारण एका पानावर साधे निकाल आठ किंवा नऊच असू शकतात. मोजणी सलग ठेवा, दुबार आलेले पत्ते गाळा.

आपलाच पत्ता ओळखता न येणं

हा भाग कंटाळवाणा आहे, पण इथल्या चुका वर्षानुवर्षं लपून राहतात. पत्ता शब्दशः जुळला तरच मोजायचा असं सेटिंग असेल तर शेवटची तिरकी रेघ, ‘डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू’, एचटीटीपी-एचटीटीपीएस यांतल्या एकाही फरकाने पान हरवतं. गुगलच्या मर्चंट सेंटरला (दुकानदार आपला माल गुगलवर नोंदवतात ती सेवा) जोडलेल्या दुकानांच्या निकालांना २०२४ मध्ये ‘एसआरएसएलटीआयडी’ नावाचं शेपूट लागायला लागलं, तेव्हा असं बरंच झालं. उलट टोकाला, ‘पत्त्यात डोमेनचं नाव कुठेही आलं तरी चालेल’ असं ढिलं सेटिंग असेल, तर तुमच्या नावाने शेवट होणारी भलतीच वेबसाइट तुमच्या खात्यात जमा होते. डोमेन नेमकं जुळवा, शेपटं कापून टाका आणि कोणतं पान रँक झालं ते दरवेळी नोंदवा. आपलीच दोन पानं एका कीवर्डवर आलटूनपालटून येत असतील, तर त्या नोंदीशिवाय ते कळणारच नाही.

देवनागरीत काम करणाऱ्यांच्या वाट्याला आणखी थोडं. देवनागरी पत्ते कधी वाचता येतील असे मिळतात, कधी टक्के-चिन्हांच्या लांबलचक माळेत. दोन्हींची तुलना करण्याआधी एकाच रूपात आणा. कीवर्डचंही तेच. ‘ॲ’ हे एक स्वतंत्र अक्षर म्हणून टाइप होतं, किंवा ‘अ’ आणि वरची चंद्रकोर असं जोडूनही. डोळ्याला फरक नाही, संगणकाला हे दोन वेगळे शब्द. युनिकोडच्या नेहमीच्या एकरूपीकरणानेही ते एक होत नाहीत, तुम्हाला स्वतः बदलून घ्यावे लागतात. ‘दुसऱ्या’ या शब्दातला र दोन प्रकारे लिहिला जातो, त्यातल्या एकात न दिसणारा जोडक लपलेला असतो. एकाने यादी फोनवर बनवली, दुसऱ्याने लॅपटॉपवर, की कीवर्ड दोनदा नोंदला जातो आणि प्रत्येकाचा इतिहास अर्धाअर्धा. ‘हा कीवर्ड मध्येच सुरू होतो आणि तो मध्येच संपतो’ असं दिसलं तर अक्षरं मोजून पाहा.

सर्च कन्सोल वेगळंच सांगतं

सांगणारच. ट्रॅकर एका ठिकाणाहून, एका क्षणी, एकदा पाहतो. कन्सोलमधली सरासरी पोझिशन ही ज्या ज्या माणसाला तुमचं पान दाखवलं गेलं त्या सगळ्या वेळांची सरासरी आहे. समजा काल १०० इम्प्रेशन (पान निकालांत दिसण्याच्या वेळा) होती, सगळी तिसऱ्या क्रमांकावर. आज ती १०० तशीच आहेत, शिवाय कुठल्यातरी नव्या शोधांसाठी ४५ व्या क्रमांकावर आणखी १०० मिळाली. सरासरी ३ वरून २४. तुमचं काहीही गेलं नाही, उलट थोडं मिळालंच. म्हणून संपूर्ण साइटच्या सरासरी पोझिशनचा आलेख मी अहवालात घालतच नाही. एक कीवर्ड, एक देश, एक उपकरण असं गाळून मगच ती रेघ बघावी.

‘नम’ बंद पडल्यावर याचा उलटा चमत्कार दिसला. अनेकांची डेस्कटॉपवरची इम्प्रेशन एकदम कोसळली आणि सरासरी पोझिशन सुधारली, क्लिक मात्र जवळपास तेवढेच. शंभर निकालांचं पान मागवणारे ट्रॅकरच सत्तराव्या क्रमांकावरच्या पानांना इम्प्रेशन मिळवून देत होते, असा निष्कर्ष बहुतेकांनी काढला. मलाही तो पटतो. मोजणाऱ्यांच्या गर्दीनेच मोजमाप फुगलं होतं! त्या तारखेच्या आधीच्या आणि नंतरच्या इम्प्रेशनची तुलना करू नका.

बाकी थोडक्यात. कन्सोलचा रोजचा आलेख पॅसिफिक वेळेने चालतो, ट्रॅकरचा बहुधा तुमच्या घड्याळाने. ताजे आकडे कच्चे असतात, दोन-तीन दिवसांत थोडे बदलतात. फार थोड्या लोकांनी केलेले शोध गोपनीयतेसाठी वगळले जातात, त्यामुळे कीवर्डनिहाय बेरीज एकूण आकड्याशी बहुधा जुळत नाही. स्क्रीनवर हजारच ओळी मिळतात, जास्त हव्या असतील तर एपीआय (प्रोग्रामने थेट आकडे मागवायची सोय) वापरा. इतिहास १६ महिन्यांचाच, म्हणून दर महिन्याला उतरवून ठेवा. एआय ओव्हरव्ह्यूमधल्या सगळ्या लिंकांना तिथे एकच पोझिशन मिळते, हेही तुलना करताना ध्यानात असू द्या.

खरी हालचाल किती, हे एकदा मोजाच

सगळं दुरुस्त केलं तरी आकडे थोडे डोलतात. वेगवेगळी डेटा सेंटर, सतत चालू असलेले प्रयोग, ताज्या बातम्या. हे डोलणं तुमच्या कीवर्डसाठी किती आहे ते एका दुपारी मोजता येतं. महत्त्वाचे काही कीवर्ड घ्या, ठिकाण आणि उपकरण न बदलता अर्ध्या तासात प्रत्येकी दहा वेळा पाहा. एखाद्याचे आकडे ४ ते ७ मध्ये फिरत असतील, तर पाचचा सहा झाला ही बातमी नाही. मी त्या पट्ट्याबाहेर सलग तीन दिवस गेल्याशिवाय सूचना पाठवतच नाही, आणि आठवड्याच्या अहवालात सरासरीऐवजी मध्यक (आकडे क्रमाने लावल्यावर मधोमध येणारा) वापरते. एखादा वेडा दिवस मध्यकाला हलवू शकत नाही.

पट्ट्याबाहेर गेलं, पहारेकरी ठीक आहेत, कच्चं पानही ठीक आहे, तर मग गुगलचा सर्च स्टेटस डॅशबोर्ड उघडा. तिथे कोअर अपडेट (निकालांचा क्रम लावण्याच्या पद्धतीतला मोठा बदल) कधी सुरू झालं आणि कधी संपलं याच्या तारखा असतात. मार्च २०२४ चं अपडेट ५ मार्चला सुरू होऊन १९ एप्रिलला संपलं, म्हणजे ४५ दिवस. अशा काळातल्या कुठल्याही एका दिवसाच्या आकड्यावर शीर्षकं बदलणं म्हणजे वाऱ्यावर वरात.

उरला प्रश्न आधीच खराब झालेल्या इतिहासाचा. ते आकडे पुसू नका, अंदाजाने भरूही नका. वेगळा स्तंभ घ्या आणि त्यात कारण लिहा: अडवणूक, संमतीचं पान, पार्सर, खोली कमी केली. आलेख काढताना त्या दिवशी रेघ तुटू द्या. आमच्या क्लायंटने पहिल्यांदा अशी तुटलेली रेघ पाहून विचारलं होतं, इथे काय झालं? म्हटलं, त्या दिवशी आम्हाला पाहता आलं नाही. ‘बरं’ म्हणाले आणि पुढचं पान उलटलं.